कपाटाची किल्ली कोणाच्या हाती?

मूल वाचत नाही, ही आज सर्वमान्य झालेली तक्रार आहे. शिक्षक ती करतात, पालक करतात, साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरूनही ती ऐकू येते. या तक्रारीत दोष नेहमी मुलाचा असतो, नाहीतर मोबाईलचा. ज्या कपाटात शाळेची पुस्तके आहेत त्या कपाटाचा, त्याच्या किल्लीचा आणि आतील पुस्तकांचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो विचार येथे करावयाचा आहे.

मी बारामतीला महाविद्यालयात मराठी शिकवते. वाढले इंदापूर तालुक्यात. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. १५ ऑक्टोबर हा दिवस राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने एका शाळेने मला पाहुणी म्हणून बोलाविले होते. टेबलावर चादर अंथरून पुस्तके मांडली होती. मुले हात मागे बांधून रांगेने पुस्तकांसमोरून जात होती. चौथीतल्या एका मुलीने एका चित्रावर बोट ठेवले, तोच मागून आवाज आला, “हात लावू नको, नुसतं बघ.” भाषणे झाली, फोटो झाले, पुस्तके मोजून कपाटात गेली आणि कुलूप लागले. ती मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, परत कधी उघडणार?”

मला उत्तर देता आले नाही. कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही दुसऱ्या एका शाळेत हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा गुरुजींनी मला सांगितले होते, “तुमच्या घरी पुस्तक नेऊन काय होणार? चुलीत जाईल.” ते गुरुजी वाईट नव्हते. हिशोबाला घाबरलेले होते. पण ‘तुमच्या घरी’ या दोन शब्दांत काय भरले आहे, हे कळायला मला पदवीपर्यंत थांबावे लागले. जिच्या कपाळी ‘परत कधी उघडणार’ हा प्रश्न लिहिला आहे, तिला वाचनाची आवड नाही असे म्हणणे हा खोटेपणा आहे. आवड आहे. अडचण तिच्या आणि पुस्तकाच्या मधे उभी आहे, आणि ती अडचण जुनी आहे.

दोन

ती किती जुनी आहे हे या दोन तालुक्यांच्या मातीतच वाचता येते. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन महसुलाची नवी मोजणी सुरू केली ती इंदापुरात. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, ज्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. त्या उठावात लोकांचा रोख दस्तऐवजांवर, खतांवर आणि वह्यांवर होता. ती कागदपत्रे हिसकावून त्यांनी जाळली. का जाळली? कारण त्यांच्या आयुष्यात लिहिलेला कागद येई तो जमीन घेण्यासाठी. त्यावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, अंगठा मात्र त्यांचा होता.

हे झाले कुणब्याचे. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाते याहून विपरीत होते. महाराने सरकारी टपाल वाहावे, खजिन्याच्या सोबत चालावे, सांगावा पोचवावा. कागद त्याच्या डोक्यावर होता, डोळ्यांसमोर नव्हता. शतकानुशतके ज्याने अक्षरांचे ओझे वाहिले त्याला अक्षर उघडून पाहण्याची मनाई होती. शाळेच्या कपाटाला लागलेले कुलूप पाहिले की मला ही मनाई आठवते. आजचे कुलूप जातीचे नाव घेत नाही, एवढाच फरक.

या मनाईविरुद्ध पहिला लेखी आवाज एका शाळकरी मुलीने उठविला, हे आपण विसरता कामा नये. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मातंग समाजातील मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ज्यांना ग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात केला. फुल्यांच्या शाळेतील बक्षीस समारंभाची एक आठवणही सांगितली जाते. खाऊ-खेळणी नकोत, आम्हाला शाळेत ग्रंथालय हवे, असे एका विद्यार्थिनीने पाहुण्यांना सांगितले. ही आठवण मुक्ताच्याच नावाने पुष्कळदा सांगतात. म्हणजे शालेय ग्रंथालय ही आपल्यासाठी शासनाने वरून दिलेली योजना नव्हे. ती आपल्याच मुलीने पुढे ठेवलेली मागणी आहे. तिला दीडशेहून अधिक वर्षे झाली.

पुढची कडी बाबासाहेबांची. मुलाला पुस्तक हवे म्हणून रामजी सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडे जात, पैसे उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकीत. चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा हा मुलगा शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. मॅट्रिक झाल्यावर केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. ते साल १९०७. १९५६ साली या माणसाने लाखोंना घेऊन जी वाट धरली, तिच्या आरंभी एका शिक्षकाने एका मुलाला दिलेले एक पुस्तक आहे. केळुसकरांनी ते पुस्तक नोंदवहीत चढवून कपाटात ठेवले असते तर ते आज अगदी कोरे राहिले असते!

तीन

आता कपाटाकडे वळू. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असावीत असे परिशिष्टात म्हटले आहे. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या दर्जाप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. कायदा आहे आणि पैशाची तरतूदही आहे. मग कुलूप का?

कुलपाचे कारण नोंदवहीत आहे. पुस्तक आले की ते साठा नोंदवहीत चढते. तपासणीत ते हजर असले पाहिजे. हरवले तर जबाब शिक्षकाने द्यावयाचा. याउलट वर्षभरात किती पुस्तके वाचली गेली, हे फारसे कोणी विचारीत नाही. फाटलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाला जाब द्यावा लागतो, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल देत नाही कोणी. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावील. म्हणून केवळ शिक्षकावर राग काढून भागणार नाही. जी व्यवस्था पुस्तकाला मालमत्ता मानते आणि मुलाला त्या मालमत्तेचा संभाव्य चोर मानते, तिच्यावर बोट ठेवले पाहिजे. आणि ‘संभाव्य चोर’ ठरविताना कोणत्या वस्तीतले मूल आधी डोळ्यांसमोर येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या भागातली विसंगती तर डोळ्यांत भरणारी आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने झाले, त्याआधी वालचंदनगर झाले. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. भिगवणजवळ छपाईचा गुळगुळीत कागद तयार करणारा मोठा कारखाना उभा राहिला. बारामतीत तर शिक्षणसंस्थांची रांग लागली. ज्या तालुक्यात छपाईचा कागद तयार झाला, त्याच तालुक्यातल्या वाडीवरच्या मुलाच्या हाती क्रमिक पुस्तकाखेरीज छापील कागद येतो तो भेळीच्या पुडक्याचा! कालव्याचे पाणी जसे सर्व शिवारांना सारखे मिळाले नाही, तसेच पुस्तकाचेही झाले. अक्षरांनाही बागाईत आणि जिराईत असे पट्टे आहेत.

त्यातही सर्वांत कोरडा पट्टा ऊसतोडणी कामगाराच्या मुलाचा. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. त्या कोप्यांत दलित, भटके-विमुक्त, वंजारी अशा कष्टकरी जातींची मुले असतात. हंगाम संपला की ती परत जातात. तिकडच्या शाळेच्या पटावर त्यांचे नाव असते पण मूल नसते, इकडे मूल असते पण नाव नसते. ज्याचे नाव पटावर नाही त्याच्या नावावर पुस्तक कसे द्यायचे? नोंदवहीच्या राज्यात या मुलाला वाचकच होता येत नाही.

चार

समजा, उद्या कुलूप निघाले. आत काय आहे? मी पाहिलेल्या कपाटांत साधारण तीन प्रकारची पुस्तके आढळली. थोर पुरुषांची छोटी चरित्रे, राजा-राणी व पशुपक्ष्यांच्या बोधकथा, आणि सामान्यज्ञान व स्पर्धा परीक्षांची पुस्तके. तिन्हींचा हेतू मुलाला काहीतरी शिकविणे हाच. मुलाने हसावे, घाबरावे, रात्री पांघरुणात आठवून जागे राहावे, यासाठी घेतलेले पुस्तक शोधावे लागते. वाचनाची गोडी उपदेशाने लागल्याचे एकही उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. मराठी बालसाहित्याची परंपरा मोठी आहे. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ चे. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला, आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि खेड्यातल्या मुलापर्यंत पोचण्याचा त्याने केलेला प्रयत्न मान्य केला पाहिजे. पण या परंपरेतील ‘मूल’ बहुतांशी एका विशिष्ट घरातले आहे. त्याच्या घरी देवघर आहे, आजीच्या गोष्टी आहेत, सुट्टीत जायला मामाचा वाडा आहे. गावकुसाबाहेरचे मूल या जगात आलेच तर नायकाच्या दयेचा विषय म्हणून येते.

‘श्यामची आई’चेच उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी रडत वाचले. मीही रडले. आई आणि दारिद्र्य या दोन्ही गोष्टी मला परक्या नव्हत्या. वाचता वाचता मी श्याम झाले होते. मग तो प्रसंग आला. एक म्हातारी महारीण लाकडांच्या मोळीखाली दमून पडते, कोणी तिच्या मदतीला जात नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, मोळी उचलून दे, आणि घरी आल्यावर आंघोळ कर. लेखकाची करुणा खरी आहे, यात शंका नाही. त्या काळातल्या त्या घरात आईने एवढे करणे हेही धाडसच. परंतु त्या पानावर मी, आठव्या इयत्तेतली मुलगी, अचानक श्याम राहिले नाही. मी त्या म्हातारीची नात झाले. माझ्या आजीने आयुष्यभर सरपणाच्या मोळ्या वाहिल्या. तिला हात लावून आलेल्या मुलाने आंघोळ करावयाची होती. वर्गात बाईंनी तो प्रसंग भूतदयेचा म्हणून शिकविला. मी मान खाली घातली. का घातली, हे कोणी विचारले नाही.

मग हे पुस्तक कपाटातून काढून टाकावे काय? मुळीच नाही. अस्पृश्यांना विठ्ठलाचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली पंढरपूरला प्राणांतिक उपोषण करणाऱ्या माणसाचे ते पुस्तक आहे. त्याच्याशी आपले भांडण नाही. मागणी एवढीच की, त्या पुस्तकाशेजारी दुसरे पुस्तक असावे, ज्यात ती म्हातारी मोळी टाकून बसली आहे आणि तिची नात गोष्ट सांगते आहे. श्यामच्या घरातल्या मुलालाही ते दुसरे पुस्तक तितकेच हवे. आपली दया समोरच्याला कशी दिसते, हे त्याला कधी कळावे?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. साहित्य सार्वत्रिक असते, मुलांच्या जगात जात आणू नका. हा आक्षेप घेणाऱ्यांना मी विनयाने सांगेन की, जात मुलांच्या जगात आम्ही आणलेली नाही. शाळेच्या हजेरीत ती आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जात ती आहे, डब्याच्या वेळी कोण कोणाशेजारी बसतो यात ती आहे. फक्त गोष्टीच्या पुस्तकात ती नाही. म्हणजे जिथे तिच्याविषयी समजून घेता येईल तेवढीच जागा आपण रिकामी ठेवली आहे.

पाच

पण दोष केवळ प्रस्थापितांवर ढकलून मोकळे होणे आपल्याला शोभणार नाही. आपणही मुलांना विसरलो. दलित साहित्याने मराठीला जे दिले त्यात बालपण ठासून भरलेले आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६). शाळेत जाण्यासाठी झगडणारी मुले या पुस्तकांच्या पानापानांवर आहेत. मात्र ही पुस्तके मुलांविषयी आहेत, मुलांसाठी नाहीत. मुलांसाठी आपण काय लिहिले? बहुधा बाबासाहेबांची छोटी चरित्रे. त्यांतही बाबासाहेब पहिल्या पानापासून पुतळ्यासारखे उभे असतात. बागेत पुस्तकात डोके खुपसून बसलेला, तहानलेला, हट्टी भीमा त्यांत क्वचितच भेटतो. पुतळ्याला मूल हार घालील, त्याच्याशी मैत्री करणार नाही.

अमेरिकेतील निग्रो चळवळीशी आपण आपले नाते नेहमी सांगतो. डू बॉइस यांच्याशी बाबासाहेबांचा १९४६ साली पत्रव्यवहार झाला हेही सांगतो. पण याच डू बॉइस यांनी १९२० साली कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ नावाचे मासिक काढले, हे आपण फारसे सांगत नाही. मासिक दोनच वर्षे चालले. तरी लँग्स्टन ह्यूजसारख्या कवीच्या अगदी सुरुवातीच्या कविता त्यात छापून आल्या. राजकीय लढा ऐन भरात असताना त्या माणसाला वाटले की, आपल्या मुलांना सुंदर दिसणारी आपली माणसे चित्रात पाहावयास मिळाली पाहिजेत. आपल्या चळवळीतून लघुनियतकालिके कितीतरी निघाली. मुलांसाठी त्या तोलाचे एक तरी टिकले काय? हैदराबादच्या अन्वेषी या गटाने ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका काढून दलित, मुस्लिम आणि कष्टकरी घरांतील मुलांच्या गोष्टी तेलुगू, मल्याळम व इंग्रजीत आणल्या. मराठीत हे काम आपल्यापुढे उभे आहे.

ते करताना एक पथ्य पाळले पाहिजे. मुलाला नुसते दुःख देऊ नये. वाडीवरचे मूल दुःखी असते हा पांढरपेशांचा समज आहे. ते विहिरीत सूर मारते, उसाच्या ट्रॉलीमागे धावते, म्हातारीची नक्कल करते, भिगवणच्या पाणवठ्यावर रोहित पक्षी मोजते. त्याच्या घरची बोली रसरशीत आहे. तिला ‘अशुद्ध’ म्हणून शाळेने बाहेर ठेवले. ती बोली, ते हसू आणि त्यामागचा अन्याय, तिन्ही एकत्र आले तरच ती गोष्ट त्याची होईल.

सहा

गोडी कशी लागते, याचे उत्तर नीरेपलीकडे फलटणला सापडते. बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत. पुडे बांधायला येणाऱ्या रद्दीचे कागद त्या आधी वाचीत आणि मग त्यात माल बांधीत. पुढे त्या लिहू लागल्या, तेही घरच्यांपासून लपवून, कित्येक वर्षे. त्यातून ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले आणि १९८६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यासाठी कोणी वाचन प्रेरणा दिन साजरा केला नव्हता. कागद हाताशी होता आणि तो वाचण्यास मनाई करणारा दुकानात त्या क्षणी कोणी नव्हता. हाताशी पुस्तक आणि मधे कोणी नाही, वाचनाला आरंभी एवढेच लागते.

म्हणून शिक्षक मित्रांना, कार्यकर्त्यांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पुस्तके कपाटातून काढून वर्गात दोरीवर टांगा. किल्लीच लागू नये. देवघेवीची वही पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती द्या, आणि त्यांत मुली असू द्या. ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या की, वाचून फाटलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही. अनुदानातून कोणती पुस्तके आली त्यांची यादी पालकांनी मागावी, तो त्यांचा हक्क आहे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांच्या घरात कोणी वाचत नाही त्यांना वाचणाऱ्याचा आवाज आधी ऐकावा लागतो.

कोप्यांवरच्या मुलांसाठी पुस्तकांची पेटी न्या. ही कल्पना नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी लाकडी पेट्यांतून फिरते ग्रंथालय खेडोपाडी जात होते. जे संस्थानाला तेव्हा जमले ते साखर कारखान्याला आणि महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेला आज जमू नये? आणि प्रत्येक समाजमंदिरात, विहारात एक फळी पुस्तकांची असावी. जयंतीच्या वर्गणीतून डॉल्बीला जाणारा पैसा थोडा कमी करून ती भरता येईल. हे बोलणे काहींना आवडणार नाही, पण आपल्याच माणसांत बोलायचे नाही तर कुठे?

हे सर्व करूनही काही पुस्तके हरवतील, काही फाटतील, एखादे खरोखरच चुलीत जाईल. जाऊ द्या. १८७५ साली सुप्यात लोकांनी कागद जाळला, कारण तो त्यांचा नव्हता. जे पुस्तक आपले वाटते ते कोणी चुलीत घालीत नाही, उशाखाली ठेवते.

त्या शाळेत मी पुन्हा गेले, यंदा निमंत्रणाशिवाय. मुख्याध्यापकांशी बोलले. कुलूप अजून आहे, मात्र शनिवारी दुपारपर्यंत ते काढून ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ‘परत कधी उघडणार’ या प्रश्नाला आता निदान एक वार सांगता येतो. उरलेले पाच वार मिळवायचे आहेत.